गच्चीवरचा जवळा

बोनकोड्यात यवढी घरं हायत. कोनाची पोरगी बँकेत हाय, कोनाची शाळेत शिकवते, कोनाची लग्न करून उरनला सुखात हाय. आफ्रिकेत जायला निघाली ती माझीच. आनि कनाला? तर पानी साठवायची टाकी बांधायला. पगार नाय, काय नाय. हापिसात बिनपगारी सुट्टी टाकायची, तिकडच्या लोकांसंगती सिमेंट कालवायचं आनि परत यायचं.

माझी निशिगंधा इंजिनेर हाय. बेलापूरला हापिसात जाते. रविवार आला की तिच्यासारख्याच इंजिनेर लोकांचा एक ग्रुप हाय, त्यांच्यात जाते. ही लोकं फुकट काम करतात. छपरावरचं पावसाचं पानी पायपानं खाली आनायचं आनि टाकीत धरायचं, हे त्यांचं काम. टांझानिया म्हनून देश हाय, तिथं एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात पोरींची शाळा हाय. त्या शाळेला टाकी बांधायला निशी जानार होती.

"हितं तुझी आये नळाखाली कळशी लावून रोज भांडते, ते नाय दिसत तुना?" मी बोलली. "तिकडं कोन तहानलंय ते बरं दिसतं."

"तिकडच्या पोरींची पानी आनन्यात शाळा बुडते, आये."

"तूच सांगतेस ना गाव तळ्याकाठी हाय? मंग?"

"आपलं गाव खाडीकाठी हाय. पितेस खाडीचं पानी?"

ह्याच्यावर आमचे हे ओटीवर बसल्या बसल्या फसकन हसले. हे म्हंजे नामा, माझा नवरा. उभा जन्म मिठागरात गेला. मिठागर गेलं तसे ओटीवर बसले ते बसलेच. लेकीनं मना गप केलं की त्यांना फार आनंद होतो.

मी साफ सांगितलं, मना तुझं जानं पसंत नाय. तिनं ऐकून घेतलं आनि बोलली, "जायच्या आधी हितं एक टाकी बांधायला लागनार हाय. आपल्या मागच्या दारी बांधू?"

त्या ग्रुपचे मोठे अरविंद सर. रिटायर मानूस, खूप वर्षं आफ्रिकेत काम केलेलं. त्यांचा एक नेम हाय. नवीन मानसानं आधी आपल्या घराला टाकी बांधायची, सर येऊन त्या टाकीतला एक गिलास पानी पिनार, मगच तिकीट. ज्याच्या टाकीचं पानी सरांनी प्यायलं नाय तो जात नाय. निशीचं जानं जूनमदे होतं. पाऊस पडनार, टाकी भरनार, सर येनार, असा सगळा हिशोब.

मी मनात बोलली, टाकी तर घरची हाय. बांध बाय. पानी तरी होईल.

पानी म्हंजे आमच्याकडं काय ते आयकून घ्या. घराच्या मागं आमच्या भाड्याच्या खोल्या हायत. सगळ्यांचा नळ एकच. संध्याकाळी पानी येतं आनि मे महिन्यात ते सुतळीयवढं येतं. त्या सुतळीखाली सगळ्या बाया. भाडेकरनींमदे सगळ्यात जुनी राजाबाई, साताऱ्याकडची. नवरा बाबासो वाशीच्या मार्केटात पाठीवर गोनी वाहतो. दोघांच्या गळ्यात माळ, घरात अंडं पन चालत नाय. आनि आमची गच्ची म्हंजे तुमाला सांगते, मार्चपासून नुसती मासळी. दिवाळे गावच्या बंदरावरून मी जवळा आनते, करंदी म्हंजे बारकी कोलंबी आनते, गच्चीवर वाळवते आनि पावसाआधी सीवूड्सला फूटपाथवर बसून विकते. बिल्डिंगमधल्या बाया नाकाला रुमाल लावून भाव करतात, आनि पिशवी भरून नेतात पन. राजाबाई मात्र रुमाल लावत नाय. ती सरळ तोंडावर बोलते.

"यशोदाबाई, कसला वास सुटलाय वं! आमास्नी जेवान जाईना."

"मंग नका जेवू. उपास करा," मी बोलते. असं आमचं चांगलं चाललेलं.

टाकी बांधायला घेतली. खाली गोल सिमेंटचा बसका चौथरा, त्याच्यावर लोखंडी सळ्यांचा पिंजरा, पिंजऱ्याला बारीक जाळी गुंडाळली आनि दोन्ही अंगांनी गिलावा. विटा नाय, काय नाय. मी बोलली, ही कोंबड्यांची खुराडी कधी पानी धरनार? निशी हसली नाय. हापिसातून आली की पदर नाय, ओढनी नाय, बापाची जुनी लुंगी गुंडाळून गिलाव्याला भिडायची. हाताला सिमेंट खाऊन भेगा पडल्या. रात्री खोबरेल लावताना तोंड वाकडं करायची. बापानं ओटी सोडली. कित्येक वर्षांनी मी त्यांना घमेलं उचलताना बघितलं. मिठाच्या पान्यात राहून टाचा अशा झालेल्या की त्यांना चपलेची गरज नाय. ते पिंजऱ्याच्या आत उभे राहून गिलावा दाबायचे, लेक बाहेरून. मधी जाळी. दोघांच्या गप्पा चालू.

गिलावा झाला आनि खरं दुखनं पुढं आलं. त्याला भिजवायला लागतं. सतत. सुकला की तडकतो. मे महिन्यात, जिथं पियाला पानी नाय तिथं भिंतीला पाजा! मी कपाळावर हात मारून घेतला. राजाबाईनं बाबासोंना सांगून मार्केटातली फाटकी गोनपाटं आनवली. ती टाकीला गुंडाळली, म्हंजे ओल टिकते. सकाळी चुळा भरल्या ते, तांदूळ धुतला ते, आंघोळीचं मोरीत अडवलेलं ते, सगळं त्या गोनपाटांवर. टाकीनं आमच्या घरातलं पानी पिऊन पिऊन अंग धरलं. एका संध्याकाळी मी माझ्या वाटनीची आख्खी कळशी तिच्यावर ओतली तेव्हा राजाबाई बघत राहिली.

"पोरगीला धाडायचं न्हाई म्हंता आन् टाकीला पाणी घालताय."

"टाकी नीट झाली पायजे," मी बोलली. "माझ्या पोरीनं बांधलेली टाकी तडकली असं कोनी बोलायला नको. जानं वेगळं."

टाकी झाली. गच्चीवरून पायप खाली आनला. त्याला खाली एक फिरता कोपर, म्हंजे पायपाचा वाकडा तुकडा. कोपर गटाराकडं फिरवला की गच्चीची घान बाहेर, टाकीकडं फिरवला की पानी टाकीत. निशीनं सगळं ठरवून दिलं. मे संपला की गच्चीवरची मासळी उतरवायची, गच्ची घासायची, पाऊस आला की पहिलं पानी गटाराला सोडायचं, मग कोपर टाकीकडं. मी बोलली, जवळा माझा तवर विकून होतो. कोनाचीच अडचन नाय.

पन पावसाला कोन सांगनार? मिरगाच्या किती तरी आधी, मेच्या शेवटी, भर दुपारी काळं झालं. त्या दिवशी निशी घरीच होती. पायपाचे जोड बघायला तिनं सकाळी गच्चीवर बादली ओतलेली आनि कोपर टाकीकडं फिरवलेला. वर गच्चीवर माझा जवळा, चांगला खडखडीत वाळलेला, त्याच्या बाजूला ओली करंदी.

टपटप सुरू झालं आनि मी ओरडली, "जवळा!"

मासळी वाळवनाऱ्या घरात ही हाक काय असते ते दुसऱ्याला नाय समजायचं. मानूस जेवता जेवता उठतो. हे उठले. निशी उठली, पायात वहान घालायला थांबली नाय. राजाबाई, जी जन्मात माझ्या मासळीला हात लावत नाय, ती पन जिन्यात येऊन खाली सूप झेलायला उभी राहिली. आमी जवळा लोटला, गोळा केला, पोत्यात भरला. पाऊस पाठीत मारत होता. निशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी करंदी ओढत होती, तोंडानं "आये, तिकडची, तिकडची!" सगळी मासळी आमी वाचवली. मूठभर गेली असंल. जिन्यात बसून दम खाल्ला, एकमेकांची तोंडं बघितली आनि हसलो.

मंग निशीचं हसू गेलं. ती खाली धावली.

तवर गच्ची धुऊन निघालेली. जवळ्याचं तूस, खारं पानी, करंदीची टरफलं, सगळं पायपातून सरळ टाकीत. कोपर कोनीच फिरवला नव्हता. पाऊस असा की टाकी गळ्यापर्यंत भरली. झाकन उघडलं आनि बाबौ! मी जन्मभर मासळीत वावरलेली, मी पन मान मागं घेतली.

निशी टाकीच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. "मी इंजिनेर हाय आये," ती बोलली, "आनि मी करंदी गोळा करत होते."

"मंग काय टाकून द्यायची होती?"

"गच्चीचा उतार मी काढला. कबुतरांची घान हिशोबात धरली, झाडांचा पाला धरला. सगळं कागदावर हाय. मासळी धरलीच नाय. कागदावर आपली गच्ची मोकळी हाय."

"अगो, मे संपल्यावर उतरवायची असं तर ठरलेलं."

"ते बोलन्यात ठरलं. मी जन्मापासून तिच्यावर मासळी बघते, म्हनून ती मना दिसलीच नाय."

तिनं बाहीनं डोळे पुसले. मी बोलली, रडू नको, एक गिलास काय, सर येतील तवर पाऊस परत शंभरदा पडेल. जून तर पुढं हाय. तिनं नळ उघडला आनि पानी गटाराला सोडायला घेतलं.

तेवढ्यात राजाबाई बादली घेऊन पुढं. "थांब गं पोरी! पाणी गटारात सोडत्यात व्हय?"

"मावशी, वास बघा त्याला."

"वास हाय त्यो हाय. लादी पुसाय काय गुलाबपाणी लागतंय?"

सगळ्या बाया आल्या. बादल्या, घागरी, टब. कोनी संडासाला नेलं, कोनी मोऱ्या घासल्या. राजाबाईनं तर सगळी आंथरुनं, गोधड्या, दाराचे पडदे धुवून काढले. उन्हाळाभर धुवायला पानी कुठं होतं? दोरीवर गोधड्या लटकल्या आनि आख्ख्या आळीला जवळ्याचा वास. बाबासो कामावरून आले, दारात उभे राहिले आनि बोलले, "आयला, घर चुकलो का काय?" राजाबाई बोलली, "चुकला न्हाई. या आत. नाक दाबा आन् जेवा." मी इतकी हसली की पोटात दुखलं.

टाकी रिकामी झाली. निशी आत उतरून घासून आली. मी गच्ची घासली आनि मासळी खाली आनली. देवळापुढच्या रस्त्याकडंला जाळं पसरून बसली. मोटरसायकली अंगावरून जात, कुत्र्यांना हाकायला हातात काठी. एका नव्या बिल्डरच्या पोरानं गाडीची काच खाली करून "ओ मावशी, रस्ता काय तुमचा हाय का?" असं विचारलं. त्याच्या आजीनं माझ्याच बाजूला बसून बोंबील वाळवलेले, ते त्याला कोन सांगनार? मी जाळं आवरून घेतलं. गच्चीवर मात्र परत चढवली नाय. आता गच्ची स्वच्छ, कोपर गटाराकडं, सगळं बरोबर.

आनि पाऊस गेला.

आला तसा गेला तो गेलाच. जून लागला, कडक ऊन. मिरीग कोरडा. आकाश रोज सकाळी भरायचं, दुपारी मोकळं. निशी हापिसातून आली की आधी वर बघायची, मग टाकीकडं, मग घरात यायची. सरांचा दिवस ठरलेला. त्या आठवड्यात तिकीट पक्कं झालं नाय तर तिच्या जागी दुसरं कोनी जानार.

खरं सांगते, मना आनंद व्हायला पायजे होता. मना हवं तेच होत होतं. देवानंच माझं ऐकलं होतं. पन तिनं जेवनावरून उठताना ताटात भात ठेवला. ही पोर लहानपनापासून ताट चाटून पुसून उठनारी. दुसऱ्या दिवशी पन ठेवला. हे मना बोलले, "तुझा जवळा वाचला. बरं झालं." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाय.

सर यायच्या आदल्या संध्याकाळी नळाला पानी आलं. निशी हापिसात. माझी कळशी भरली आनि घरात जायच्या ऐवजी मी टाकीपाशी गेली. झाकन बाजूला केलं आनि ओतली. रिकाम्या टाकीत असा आवाज झाला की राजाबाईनं मान वळवली.

"आवं! डोकं फिरलं का काय? प्यायचं पाणी हाय त्ये."

"उद्या त्या सरांना एक गिलास पायजे," मी बोलली. "त्या गिलासावर पोरीचं जानं हाय."

"मंग एक तांब्या घाला की. कळशी कशाला?"

"नळ टाकीच्या बुडाशी नाय, वर हाय. तिथवर आलं तर येईल."

राजाबाईची घागर नुकती भरलेली. दोन वेळचं तेच होतं तिच्या घरात. ती घागर कमरेवर घेऊन आली आनि टाकीत ओतली. ओतून झाल्यावर माळ सारखी केली आनि नळाकडं बघून हाक मारली, "ये गं ज्योतिबाच्या आये, तू बी आन तुझी! तुमच्या मोऱ्या घासल्या त्या कुनाच्या पाण्यानं?"

एकेक आली. कोनी बडबडत आली, कोनी मुकाट. एकीनं अर्धीच ओतली, मी तिला पन काय बोलली नाय. टाकीचा नळ बुडाला. मी झाकन लावलं. निशी आल्यावर कोनी चकार शब्द काढला नाय.

सकाळी अरविंद सर आले. बारीक मानूस, पांढरी दाढी, पायात साधी चप्पल. टाकीभोवती फिरले, बोटानं वाजवून बघितलं, बाहेरून कुठं ओल हाय का तपासलं. "सुंदर बांधली आहे," बोलले. निशी त्यांना सगळं सांगत होती. मेचा पाऊस, जवळा, कोपर, काय लपवलं नाय. शेवटी बोलली, "तेव्हापासून पाऊस नाय सर. टाकी रिकामी हाय."

"रिकामी कुठे आहे?" ते बोलले. त्यांनी झाकन उचललेलं. "पाणी दिसतंय की."

"रातचा पडला असंल," मी घाईनं बोलली. "आन गो निशे, गिलास आन."

ती माझ्याकडं बघत बघत गिलास घेऊन आली. नळाखाली धरला. भरला. सरांकडं न्यायला वळली आनि थांबली. गिलास नाकाजवळ नेला. मग माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"सर, हे मी देऊ शकत नाय."

"का? अजून मासळीचा वास येतो?"

"नाय. औषधाचा येतो. हे नळाचं पानी हाय."

मना असा राग आला की सांगता येत नाय. यवढं करून सवरून पोरीनं स्वतःच्या हातानं माती केली. मी पुढं झाली.

"हाय नळाचं! मी ओतलं. काय करनार? टाकी गळली का तिची? नाय गळली. काठोकाठ भरली तवा थेंब बाहेर आला नाय. बघा हे हात तिचे, सिमेंटनं काय झालेत. आता पाऊस पडत नाय तर तो काय तिनं अडवून धरला? चूक झाली ती माझ्या जवळ्यामुळं. तिचं कनाला अडवता?"

"आये, गप," निशी बोलली. लाजेनं तिचे कान लाल झालेले. मना लाज वाटली का? नाय वाटली.

सर मना बोलले, "एवढं पाणी तुम्ही एकट्यांनी ओतलंत?"

"येकट्या कशानं?" राजाबाई तिच्या दारातून बोलली. ती कधीची ऐकत उभी होती. "समद्यांनी वतलंय. म्या बी वतलंय."

"तुमच्याकडे पाणी किती येतं?"

"येतंय कुठं? ठिबाकतंय."

"मग काल घरात काय केलंत?"

"शेजारच्या आळीतनं तांब्या मागून आनला. भागलं की." मग ती जरा तोऱ्यात बोलली, "गावची टाकी हाय. आमी गोनपाटं दिल्यात तिला."

सर टाकीच्या चौथऱ्यावर बसले आनि निशीला बोलले, "मी तिकडे पहिली टाकी बांधली ती अजून उभी आहे. एक तडा नाही. तिच्यात शेळ्यांचा चारा ठेवतात."

"पानी का नाय?" मी विचारलं.

"बांधताना गावातल्या एका बाईशीही मी बोललो नव्हतो. ती माझी टाकी होती. त्यांची नव्हतीच." त्यांनी निशीच्या हातातला गिलास घेतला आनि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. गिलास माझ्या हातात दिला. "पाऊस तुमच्या हातात नाही आणि माझ्याही. हिचं तिकीट पक्कं करायला मी आज सांगतो. पण निशिगंधा, तिकडे गेल्यावर कागद काढायच्या आधी छपरावर चढ. तळ्याकाठचं गाव आहे. बायका काय वाळत घालतात ते आधी बघ."

राजाबाईनं सरांसाठी चहा टाकला. आमचे हे त्यांना गच्ची दाखवायला घेऊन गेले. सगळे हसत बोलत होते. मी घरात आली, रिकामा गिलास मोरीत ठेवला आनि तिथंच खाली बसली. आता जानार पोर. माझ्याच हातानं धाडली मी तिला. पदर तोंडात कोंबला तरी रडू थांबेना.

निशी आत आली. आधी दारात उभी राहिली, रागानंच. मग माझ्यासमोर बसली.

"मी जाऊ नये असं तुना वाटत होतं ना?"

"हां."

"मंग ओतलंस कनाला?"

"तुझं अडलं असतं तर अडलं असतं. पन ते माझ्या मासळीपायी अडायला नको होतं. जन्मभर तू ताटात भात ठेवला असतास."

तिनं माझ्या पदरानं माझंच तोंड पुसलं. हाताच्या भेगा गालाला लागल्या.

"आये, मी गेले तर तुना चालंल?"

"नाय चालनार," मी बोलली. "जा."